सत्तर टक्के पडलेला शेअर आणि सात फंड

प्रिय लेकीस अनेक आशीर्वाद,

तू पाठवलेली यादी नीट पाहिली. सात म्युच्युअल फंड, आणि खाली एक शेअर. त्याच्यापुढे तू लिहिलंयस, 'वरून 70 टक्के पडलाय, आणखी घेऊ का?' बहुतेक फंड तू गेल्या वर्षीच्या परताव्यावरून निवडलेस आणि शेअर घसरणीवरून. या दोन उलट गोष्टी वाटतात, पण चूक एकच आहे. दोन्हीकडे तू भावाचा आलेख पाहिलास आणि त्यामागचं कारण पाहायचं राहून गेलं. फंडांचं आधी उरकते, ते सोपं आहे. शेअरबद्दल जरा सविस्तर लिहिते.

सात फंड घेतले म्हणजे पैसे सात ठिकाणी विभागले, असं होत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकानुसार बाजारमूल्यात पहिल्या 100 कंपन्या लार्ज कॅप, 101 ते 250 मिड कॅप आणि 251 पासून पुढच्या स्मॉल कॅप. लार्ज कॅप फंडाला किमान 80 टक्के पैसे त्या पहिल्या शंभरातच ठेवावे लागतात. तुझ्या यादीत असे तीन फंड आहेत, म्हणजे तिघेही त्याच शंभर नावांतून खरेदी करणार. प्रत्येक फंड आपली गुंतवणूक दर महिन्याला जाहीर करतो. दोन फंडांच्या याद्या शेजारी ठेव आणि सामाईक नावं शोध. एखादी बँक एकात 8 टक्के आणि दुसऱ्यात 6 टक्के असेल तर 6 धर. अशी सगळ्या सामाईक नावांची बेरीज 50 च्या वर गेली, तर त्यातला एक फंड काढून टाक. तो फक्त खर्च वाढवतोय.

एका वर्षाच्या परताव्यावर अजिबात जाऊ नकोस. त्या वर्षी औषध कंपन्या चालल्या असतील, तर औषध कंपन्या जास्त असलेला फंड वर दिसणारच. त्यापेक्षा रोलिंग रिटर्न पाहा. दहा ते पाच वर्षांपूर्वीच्या काळातल्या प्रत्येक महिन्यापासून पुढची पाच वर्षं मोजायची आणि त्यांपैकी किती वेळा फंडाने आपल्या निर्देशांकाला मागे टाकलं ते बघायचं. तुलना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशीच हवी. फंडांना फेब्रुवारी 2018 पासून तशीच तुलना दाखवावी लागते. त्याआधीच्या जुन्या तक्त्यांत निर्देशांकाचा लाभांश धरलेला नसे, त्यामुळे फंड उगाच हुशार दिसत. आणि तो परतावा ज्याने मिळवला तो फंड मॅनेजर अजून तिथे आहे का, हेही फॅक्टशीटवर, म्हणजे फंडाच्या मासिक माहितीपत्रकावर, पाहून घे.

खर्चाबाबत मात्र हट्टी राहा. डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मध्ये दलाल नसलेले आणि म्हणून कमी खर्चाचे, 1 जानेवारी 2013 पासून उपलब्ध आहेत, आणि तुझ्या यादीतले पाच फंड रेग्युलर, म्हणजे दलालीसकटचे आहेत. महिन्याला 10,000 रुपये, 25 वर्षं. बारा टक्क्यांनी साधारण 1 कोटी 90 लाख होतात, अकरा टक्क्यांनी 1 कोटी 59 लाख. तू घातलेले एकूण पैसे 30 लाख, आणि एका टक्क्याच्या फरकाने गेलेलेही जवळपास तेवढेच. पण रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं ही कायद्याने विक्री असते. बहुतेक फंडांत वर्षाच्या आत काढलं तर एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडण्याचं शुल्क, लागतो. शिवाय वर्षाच्या आतल्या नफ्यावर 20 टक्के कर, आणि वर्षानंतरच्या नफ्यावर आर्थिक वर्षातले पहिले सव्वा लाख सोडून उरलेल्यावर साडेबारा टक्के. म्हणून नवे हप्ते आजच डायरेक्टमध्ये सुरू कर, आणि जुने युनिट त्या सव्वा लाखाच्या मर्यादेत, दोन-तीन आर्थिक वर्षांत हलव.

दहा रुपये एनएव्हीचा (एका युनिटच्या किमतीचा) नवा फंड 'स्वस्त' म्हणून घेतलायस, तो काढ. दहा रुपयांचं युनिट असो की चारशेचं, आत शेअर तेच असतील तर वाढ टक्क्यांत सारखीच होते. स्मॉल कॅप फंड ठेवायचा असेल, तर त्याचा स्ट्रेस टेस्टचा अहवाल वाच. 2024 पासून हे फंड आपली अर्धी गुंतवणूक विकायला किती दिवस लागतील ते जाहीर करतात. तो आकडा दर महिन्याला वाढत असेल, तर फंडात पैसे इतके साचलेत की लहान कंपन्यांत त्यांना हलायला जागा उरलेली नाही. माझं मत विचारशील तर निफ्टी 50 या 50 मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाची नक्कल करणारा एक इंडेक्स फंड आणि लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांत गुंतवणारा एक फ्लेक्सी कॅप एवढं तुला पुरे. इंडेक्स फंड निवडताना खर्चाइतकाच ट्रॅकिंग डिफरन्स बघ, म्हणजे निर्देशांकापेक्षा तो वर्षाला प्रत्यक्षात किती मागे पडला.

आता तो शेअर.

आधी एक हिशेब. 100 चा शेअर 30 वर आला, तर परत 100 ला जायला त्याला 233 टक्के वाढावं लागेल. आणि '70 टक्के पडला, आता आणखी किती पडणार' असं वाटत असेल, तर उद्या तोच 90 टक्के पडलेला शेअर होऊ शकतो. तेव्हा तो 30 चा 10 झालेला असेल, म्हणजे आज घातलेल्या पैशांपैकी दोन तृतीयांश गेलेले असतील. आधीची घसरण तुला कसलंही संरक्षण देत नाही.

म्हणून पहिला प्रश्न, का पडला? सगळा बाजारच कोसळला असेल तर गोष्ट वेगळी. जानेवारी 2020 मध्ये 12,400 च्या वर असलेला निफ्टी 24 मार्चला 7,511 पर्यंत आला, तेव्हा भक्कम कंपन्याही स्वस्त मिळत होत्या. दुसरी तऱ्हा म्हणजे चांगल्या धंद्याला बसलेला तात्पुरता फटका. जून 2015 मध्ये मॅगीवर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि नोव्हेंबरात विक्री पुन्हा सुरू झाली. एप्रिल-जूनच्या तिमाहीत मॅगी बनवणाऱ्या नेस्ले इंडियाला तोटा झाला, पण डोक्यावर कर्जाचा बोजा नव्हता, त्यामुळे थांबायला वेळ होता. तिसरी तऱ्हा, कंपनी ठीक आहे पण आधीचा भावच अवाच्या सवा होता. इथे 'वरून 70 टक्के' या मापाला काही अर्थच नाही, कारण ते 'वर' खरं नव्हतं. चौथी तऱ्हा सगळ्यांत घातक, धंदाच मोडलाय किंवा हिशेबच खोटे आहेत. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड अस्तित्वातच नव्हती, हे 7 जानेवारी 2009 ला तिच्या अध्यक्षांनीच कबूल केलं.

घसरलेली कंपनी वाचते की बुडते, हे बहुतेक वेळा कर्ज ठरवतं. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचा शेअर सप्टेंबर 2018 मध्ये एका दिवसात 40 टक्क्यांहून जास्त आपटला. त्या दिवशी तो 'अर्ध्या किमतीत' मिळत होता. 2021 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया संपली, तेव्हा भागधारकांना शून्य मिळालं आणि शेअर बाजारातून कायमचा गेला. दिवाळखोरी कायद्यात पैसे मिळणाऱ्यांच्या रांगेत भागधारक शेवटचा असतो, आणि तिथपर्यंत क्वचितच काही उरतं.

तेव्हा ताळेबंद उघड. समज, एका कंपनीचा व्याज आणि कर धरण्याआधीचा नफा 80 कोटी आहे आणि व्याज 65 कोटी. नफ्याला व्याजाने भागलं तर सव्वासुद्धा येत नाही. हा आकडा तिनाच्या खाली असेल, तर घसरलेल्या कंपनीला मी हात लावत नाही. पुढे 'चालू दायित्वं' या भागात वर्षभरात फेडायचं कर्ज पाहा. समज 140 कोटी आहे आणि हाताशी रोकड 30 कोटी. म्हणजे येत्या वर्षात ही कंपनी एकतर नवं कर्ज काढणार, जमीन विकणार, किंवा पडत्या भावात नवे शेअर काढणार. शेवटचं झालं तर धंदा सावरला तरी त्यातला तुझा वाटा आटलेला असेल. 'कंपनी वाचली पण माझे पैसे परत आले नाहीत' असं पुष्कळदा होतं, ते यामुळेच.

मग रोख प्रवाहाचं पत्रक. पाच वर्षांचा निव्वळ नफा एका ओळीत लिही, त्याखाली धंद्यातून आलेली रोकड. नफ्याची बेरीज 400 कोटी आणि रोकडीची 90 कोटी असेल, तर बाकीचे कुठे अडकले ते शोध. बहुधा येण्यांत, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या उधारीत, सापडतील. येणी भागिले विक्री, गुणिले 365 केलं की उधारी किती दिवसांची ते कळतं. ते 90 दिवसांवरून 190 वर गेले असतील, तर माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारून विक्री फुगवली जातेय किंवा गिऱ्हाईकच बुडालंय. एका वर्षाने फसू नकोस, मोठी ऑर्डर मार्चमध्ये गेली तरी आकडा बिघडतो. सलग तीन वर्षं बिघडला तर मात्र यादीतून काढ.

बँकेला ही मापं चालत नाहीत, कारण कर्ज घेणं-देणं हाच तिचा धंदा. तिथे निव्वळ एनपीए (थकलेली कर्जं), भांडवल पर्याप्तता (तोटा झेलायला पुरेसं स्वतःचं भांडवल आहे का) आणि ठेवी घटतायत का ते बघायचं. आणि हवं तेव्हा विकता येईल हेही गृहीत धरू नकोस. मार्च 2020 च्या येस बँक पुनर्रचनेत 100 पेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षं गोठवले गेले.

प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकांनी, शेअर गहाण ठेवलेत का, हे एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर दर तिमाहीच्या भागधारणा तक्त्यात दिसतं. तिमाही संपल्यावर 21 दिवसांत तो द्यावाच लागतो. गहाण जास्त असेल तर भाव पडला की सावकार तारण विकतो, त्याने भाव आणखी पडतो, आणि रोज लोअर सर्किट, म्हणजे दिवसभरातल्या घसरणीची कमाल मर्यादा, लागून तुला घेणारा सापडत नाही. लेखापरीक्षकाने मुदत संपण्याआधी राजीनामा दिला असेल, तर कारण 'वैयक्तिक' असलं तरी मी पुढचं वाचत नाही.

एक फुकटची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात, ती म्हणजे कंपनी कर्ज फेडेल का याचा दर्जा ठरवणाऱ्या पतमानांकन संस्थांचं टिपण. क्रिसिल, इक्रा, केअर यांच्या संकेतस्थळांवर कंपनीचं नाव टाकलं की दोन-चार पानांत परतफेडीचे हप्ते, अडचणी, मानांकन कशामुळे घसरेल, सगळं सरळ लिहिलेलं असतं. तिथे 'कंपनी सहकार्य करत नाही' असा शेरा दिसला तर समजून जा.

पोलाद, साखर, रसायनं अशा फिरत्या चक्राच्या धंद्यांत पी/ई (भाव भागिले दर शेअरमागचा नफा) उलटा वाचायचा. चक्र वर असताना नफा फुगलेला असतो, म्हणून पी/ई 5 दिसतो आणि शेअर स्वस्त वाटतो. खरी संधी असते तेव्हा नफा नसल्यासारखा असतो आणि पी/ई भयंकर दिसतो. तिथे दहा वर्षांचा सरासरी नफा धर.

एवढं करूनही घ्यावासा वाटला, तर तुझ्या एकूण गुंतवणुकीच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि अशा सगळ्या शेअरांत मिळून 10 टक्के. तीन हप्त्यांत घे. दुसरा हप्ता 'भाव आणखी पडला' म्हणून घ्यायचा नाही. तिमाही निकालात कर्ज किंवा उधारी खरंच कमी झाली, तर घ्यायचा, मग भाव थोडा वर गेलेला असला तरी चालेल. त्या थोड्या जास्त पैशांत तुला खात्री मिळते. घेण्याआधी चार ओळी लिहून ठेव: का पडला, काय सुधारायला हवं, किती तिमाहींत, आणि काय दिसलं तर विकायचं. हे आधी लिहिलेलं नसलं की माणूस नुकसानीत असताना नवी कारणं शोधत बसतो.

तुझ्याकडे आधीच असलेल्या शेअरांना हीच कसोटी लाव. आज हातात नसते तर या भावाला घेतले असते का? उत्तर नाही असेल तर विक. तोटा वाया जात नाही. वर्षाच्या आतला तोटा कोणत्याही भांडवली नफ्यातून वजा होतो, वर्षानंतरचा फक्त दीर्घकालीन नफ्यातून, आणि उरलेला आठ वर्षं पुढे ओढता येतो. अट एकच, विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं.

या रविवारी त्या कंपनीचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घे आणि एका कागदावर सहा ओळी भर: नफा, धंद्यातली रोकड, व्याज, वर्षभरात फेडायचं कर्ज, उधारीचे दिवस, गहाण टक्के. कागद भरला की फोटो पाठव, मग आपण फोनवर एकेक आकडा बघू. तोपर्यंत आणखी एकही शेअर घेऊ नकोस.

तुझी,
आई