लाईट आहे म्हणता, मग मोटर का जळाली? ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

माननीय ऊर्जामंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात पिठाची गिरणी चालवतो. चतुर्थी तोंडावर आली असताना माझी 10 एचपीची मोटर जळाली. मोदकाचे तांदूळ, चकलीची भाजणी, नाचणा असे डबे ओळीने लागले होते. व्होल्टेज पडलं, जात्यात दाणे अडकले, स्टार्टरचा रिले उडाला. पुन्हा चालू केली तर मोटर नुसती घुमली आणि वाइंडिंगच्या वार्निशचा जळका वास गिरणीभर पसरला. बायाबापड्या डबे डोक्यावर घेऊन पावसातून दुसऱ्या गावाला गेल्या. ऐन हंगामाची कमाई गेली, वर रिवाइंडिंगचा खर्च अंगावर पडला.

हे अचानक झालेलं नाही. उन्हाळ्यातल्या जनसंपर्क सभेत वीज कंपनीच्या अधिकाऱ्यांनी चारचौघांत शब्द दिला होता की पावसाळ्याआधी गावाला 63 केव्हीएचा दुसरा टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसेल. पावसाळा अर्धा सरला. टीसी सोडा, त्याचा खांबसुद्धा आलेला नाही. तक्रार केली तर रजिस्टर बघून सांगतात, "त्या दिवशी तुमच्याकडे सप्लाय चालूच होता."

साहेब, माझं भांडण नेमकं या उत्तराशी आहे. लाईट पूर्ण गेली तर ती खंड म्हणून नोंदवली जाते, किती वेळा आणि किती मिनिटं याचा हिशोब वर जातो. पण 230 व्होल्टच्या जागी घरात 165 आले तर तुमच्या कागदावर काहीच घडलेलं नसतं. आमच्यासाठी मात्र हे लाईट जाण्यापेक्षा वाईट. लाईट गेली तर मोटर थांबते, जळत नाही. व्होल्टेज पडलं की तेवढंच काम ओढायला ती जास्त करंट घेते, आणि उष्णता वाढते ती करंटच्या वर्गाने, म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. सुरू होतानाचा जोर घटतो तोही व्होल्टेजच्या वर्गाने. त्या दिवशी मोटरच्या दोन फेजच्या तारांमध्ये 400 व्होल्टच्या जागी 290 होते. म्हणजे मोटरचा जोर जवळजवळ निम्मा! घराघरांत हेच चाललंय. फ्रिजचा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, पाण्याचा पंप पाणी चढवत नाही. एलईडी बल्ब तेवढा उजेड देत राहतो, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.

सेक्शन ऑफिसात सांगतात की वरूनच ग्रीडवर, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्यावर, ताण आहे. हे पटण्यासारखं नाही. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर लाईनने दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून साऱ्या देशाची फ्रिक्वेन्सी एक आहे. बेंगळुरात 50 हर्ट्झ असेल तर आमच्या गावातही 50; वर ताण आला तर ती सगळीकडे सारखीच घसरेल. व्होल्टेजचं तसं नसतं, ते जागोजागी वेगळं असतं. नळाच्या पाइपाला शेवटच्या घरापर्यंत जोर उरत नाही, तसंच ते टीसीपासून लांब जाताना पडत जातं. तार बारीक, लाईन लांब, टीसीवर झेपेल त्याहून जास्त लोड, सगळी कनेक्शनं एकाच फेजवर ओढलेली, वर रानातल्या फांद्या तारांना घासणाऱ्या. यातलं दिल्लीत काय बिघडलंय? सगळं आमच्या गावच्या खांबांवर आहे आणि लाईनमनलाही ते माहीत आहे. तो बिचारा म्हणतो, "मामा, टीसीवर लोड झालाय, मी काय करू सांगा." त्याच्या हातात नाही, मान्य. मग कुणाच्या हातात आहे?

दुसरा सल्ला मिळतो स्टॅबिलायझर लावायचा. तो व्होल्टेज कुठून आणतो? त्याच तारेतून जास्त करंट ओढतो. म्हणजे मी स्टॅबिलायझर लावला की लाईनच्या टोकाला राहणाऱ्या म्हातारीचा पंखा आणखी मंदावणार. ज्याच्याकडे पैसे त्याने शेजाऱ्याची लाईट ओढायची, हा सरकारी सल्ला आहे?

सरकारच्या गृहज्योती योजनेत महिन्याला 200 युनिटपर्यंत वीज फुकट मिळते, त्याबद्दल आमच्या घरातल्या बायका सरकारला दुवा देतात. पण शून्य रुपयांचं बिल हातात आणि फ्रिज जळालेला, हे त्यांना कुणी समजवायचं?

1956 च्या वीज नियमांत लिहिलं होतं की जाहीर व्होल्टेजच्या 6 टक्क्यांहून जास्त खालीवर होता कामा नये. म्हणजे 230 ला निदान 216 तरी हवेत. त्याच 1956 मध्ये आम्हाला न विचारता या राज्यात घातलं गेलं. तेव्हापासून रस्ता मागा, शाळेला शिक्षक मागा, टीसी मागा, आधी आम्ही कुठल्या बाजूचे ते बघितलं जातं. तक्रारीचा फॉर्म कन्नडमध्ये, त्याचं उत्तर कन्नडमध्ये. माझ्या आईला स्वतःच्या बिलावरचा आरआर नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, सोडला तर काही वाचता येत नाही. बेळगाव आपलंच हे दाखवायला सुवर्ण विधानसौध उभी राहिली. हिवाळी अधिवेशनात तिथे सगळे दिवे लागतात. सीमाभागावर तिथे तावातावाने बोलणाऱ्यांपैकी कुणी कधी आमच्या गावात येऊन मीटरला टेस्टर लावला का? निवडणुकीत तिकडचे येतात, इकडचे येतात, सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. कोर्ट काय द्यायचा तो निकाल देईल. तोवर आम्ही बिल तुम्हालाच भरतो ना?

म्हणून मागतो ते ऐका. लाईनच्या शेवटच्या खांबावर आठवडाभर व्होल्टेजची नोंद करणारं यंत्र लावा आणि त्याचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीतही डकवा. फेजचा लोड सारखा वाटून द्या, त्याला नवं बजेट लागत नाही. कबूल केलेला टीसी कधी बसणार याची तारीख लेखी द्या. आणि 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 57 मध्ये सेवेत कसूर झाल्यास भरपाईची तरतूद आहे, ती माझ्या मोटरला लागू करा. रिवाइंडिंगची पावती मी जपून ठेवली आहे.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक गिरणीवाला