एका ‘ऱ’पायी : जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी आपण माझ्या घरी तीन तास बसलात आणि चहाखेरीज काही घेतले नाहीत. दारात मानलेले आभार अपुरे वाटले, शिवाय मराठी नावांच्या फायली जपणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझा जुना मॅक आणि मुलाचा लिनक्सचा संगणक यांवरील ई-पुस्तकांचा संग्रह मी आरसिंक या दोन ठिकाणच्या फायली जुळवणाऱ्या आज्ञावलीने जुळता ठेवू पाहत होतो. परंतु लिनक्सवर काही पुस्तके दोनदा दिसत आणि त्यांतली नवी प्रत पुसली, तरी पुढच्या फेरीला ती पुन्हा हजर असे. एका दुकानदाराने तर मला नवी डिस्क घ्यायला सांगितले होते! आपण मात्र डिस्ककडे न पाहता नावांची यादी वाचलीत आणि ‘साताऱ्याच्या सनदा’, ‘कोऱ्या वहीतील टिपणे’ अशा प्रत्येक जोडीत ‘ऱ’ आहे, हे बोट ठेवून दाखवलेत. लिनक्स नाव जसे टंकले तसेच ठेवतो, तर मॅकची फायली साठवण्याची जुनी एचएफएस प्लस पद्धत त्याच ‘ऱ’ची फोड करून ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हे साठवते; त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारे अक्षर एकीकडे ३ बाइट आणि दुसरीकडे ६ बाइट भरते, आणि आरसिंकच्या लेखी ती दोन निराळी पुस्तके ठरतात. चाळीस वर्षे मराठी शिकवूनही हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

मॅकसोबत आलेली आरसिंकची २.६.९ ही आवृत्ती बाजूला ठेवून आपण तिसरी आवृत्ती बसवलीत, नावांची एका रूपातून दुसऱ्या रूपात बदली करणारा तिच्यातील ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय जोडलात आणि प्रत्यक्ष नक्कल करण्याआधी नुसती यादी काढून ती मला वाचायला लावलीत. त्या सावधपणाबद्दल मी विशेष ऋणी आहे.

‘नाव फार लांब’ म्हणून अडलेल्या पाच फायलींचे कारणही आपणच सांगितलेत : लिनक्सवरील ईएक्सटी४ या फायली साठवण्याच्या पद्धतीत नावाला २५५ बाइटच मिळतात, आणि काना, मात्रा, वेलांटी धरून देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खात असल्याने साधारण ८५ चिन्हांतच ती जागा संपते. चार नावे मी आखडती केली आहेत. पाचव्यातून संपादकांचे नाव गाळायला मात्र मन धजत नाही, तेव्हा पुढल्या भेटीत आपला सल्ला घेईन.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षक