ब्रॅकमध्ये तासगावचा बेदाणा

कॉर्क, आयर्लंड, २५ ऑक्टोबर

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुम्ही बांधून दिलेला बेदाणा मी आजवर जपून वापरला, पण काल त्यातला बराचसा चहात भिजत घातला. ३१ तारखेला इथे हॅलोविन. सुगी संपून हिवाळा लागतो तेव्हाचा हा आयर्लंडचा फार जुना सण. त्या दिवशी घरोघर बार्मब्रॅक नावाचा गोड पाव असतो. त्यात अंगठी दडवतात. ज्याच्या फोडीत ती येईल त्याचं वर्षभरात लग्न! पूर्वी नाणं, चिंधी, वाटाणा, काडी असंही घालत. नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर गरिबी.

दुकानातला ब्रॅक यीस्टने फुगवलेला, पावासारखा हलका असतो. जुन्या काळी त्यासाठी बिअर आंबताना वर येणारा फेस वापरत. मला मात्र घरी करतात तो चहाचा ब्रॅकच आवडतो. त्यात तूप, लोणी, तेल काहीच पडत नाही. ओलावा मुख्यतः चहाचा आणि तो प्यायलेल्या बेदाण्याचा. म्हणून आई, तो भिजवायचा वेळ कमी करू नकोस, अख्खी रात्र जाऊ दे.

फक्त ३०० मिली कडक कोरा चहा घे. दूध, आलं नको. गरम चहात ३५० ग्रॅम बेदाणे-मनुका आणि २०० ग्रॅम गूळ पावडर घालून झाकून ठेव. इथे तपकिरी साखर घालतात, पण गुळाने रंग छान येतो. आपल्या बेदाण्याला गंधकाची धुरी असते, तेव्हा आधी कोमट पाण्यात दोनदा धू. सकाळी उरलेला चहा ओतून टाकू नकोस, तो लागतोच. त्यात २७५ ग्रॅम मैदा, ३ छोटे चमचे बेकिंग पावडर, दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड चमचाभर आणि एक अंडं. घरात अंडं नको असेल तर पाव वाटी ताक. फार घोटायचं नाही, पीठ दिसेनासं झालं की पुरे. ओव्हनमध्ये १७० अंशांवर सव्वा तास लागतो. तुझ्या कुकरमध्ये तळाला मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून ब्रॅकचं भांडं आत मंद आचेवर ठेव. तासाभराने सुरी खुपसून बघ, कोरी निघाली की झालं.

त्याच दिवशी कापू नका. दुसऱ्या दिवशी तो जास्त मऊ होतो, बाबांच्या दातांना सोपा जाईल. इथे वर लोणी लावतात, बाबांना नुसताच दे.

बाबा, इथल्या दुकानातला सुलताना बेदाणा म्हणजे तुमचा थॉमसनच, द्राक्षाची जात तीच. तो बहुतेक तुर्कस्तानातून येतो. गोड असतो, पण आपल्या शेडमध्ये वाळवलेल्या बेदाण्याची आंबटसर चव त्याला नाही, आणि गुळाच्या गोडीत तीच हवी असते. माझ्या शेजारच्या आजी जन्मभर ब्रॅक करत आल्यात. त्यांनी आपले बेदाणे नुसतेच तोंडात टाकले आणि कुठले म्हणून विचारलं. मी त्यांना फोनवर आपली बाग दाखवली.

पुढच्या खेपेला दोन किलो जास्त द्या, आजींनाही हवेत. आणि द्राक्षांची फळछाटणी उरकली का, परतीच्या पावसाने कोवळे घड जिरून वाया गेले तर नाहीत ना, ते लगेच कळवा.

तुमची लेक