नोटीस फक्त आम्हीच द्यायची का?

संपादक साहेब, नमस्कार.

मागे आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की आजकालची फ्रीलान्सर मंडळी जरा जास्त पैसे दिसले की चालू काम टाकून पळतात, यांना शब्दाची किंमत नाही वगैरे. ते वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून लिहितेय, कारण तशीच "पळालेली" बाई मी पण आहे.

मी कोथरूडला घरूनच व्हिडिओ एडिटिंग करते. गेल्या वर्षी पेठेतल्या एका स्पर्धा परीक्षा क्लासचं काम घेतलं होतं. सहा महिन्यांचा करार, महिन्याला १२ लेक्चर आणि त्यातून शॉर्ट्स (मोबाईलवर बघायचे छोटे व्हिडिओ) काढायचे, महिन्याला २४ हजार रुपये, १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) जाऊन हातात २१,६००. शॉर्ट्स किती ते लिहिलंच नव्हतं आणि खरी गोची तिथेच झाली, पहिल्या महिन्यात १० होते ते तिसऱ्या महिन्यात ४० वर गेले, पैसे तेवढेच, आणि रात्री अकराला मेसेज, "मॅडम, सकाळी ७ ला टाकायचाय". तरी करत होते. मग मुंबईच्या एका कंपनीकडून विचारणा आली, ट्रेनिंगचे व्हिडिओ, महिन्याला ४५ हजार, आणि दुरुस्त्या दोनदाच करून देणार हे लेखी. दोन्ही कामं सांभाळणं शक्यच नव्हतं, कॉम्प्युटर एक आणि मी पण एकच. खोटं कशाला बोलू, मुलीची फी डोक्यावर होती, पैशासाठीच सोडलं.

आता तो करार बघा. दोन पानी, इंग्रजीत. त्यांना मला कधीही काढता येणार, नोटीस न देता. मी मुदतीआधी सोडलं तर शेवटच्या महिन्याचे पैसे बुडाले, आणि वर दोन वर्षं दुसऱ्या कुठल्याच क्लासचं काम करायचं नाही. सही करताना वाचलं नव्हतं का? वाचलं होतं की. पण काम हातात येतंय म्हटल्यावर कोण भांडत बसतं.

माझं चुकलं ते पण सांगते. मी आधी नवीन कामाचा अ‍ॅडव्हान्स घेतला आणि मग आठ दिवस गप्प बसले, आज सांगते उद्या सांगते करत. त्या आठ दिवसांत क्लासचे सर माझ्या भरवशावर पुढच्या बॅचचं शूटिंग ठरवत होते, मला ते माहीत होतं आणि मी "हो सर, हो सर" म्हणत होते. त्या वाचकांचा राग मला इथे शंभर टक्के पटतो. सोडून जाण्यापेक्षा हे लपवणं वाईट होतं.

सांगितल्यावर मात्र २० दिवस दिले. राहिलेले सात व्हिडिओ पूर्ण केले, रॉ फुटेजची (न कापलेल्या मूळ शूटिंगची) हार्ड डिस्क नेऊन दिली, प्रोजेक्ट फाईल (ज्यात एडिटिंग पुढे बदलता येतं) द्यायच्या की नाही हे करारात नव्हतं तरी सगळ्या दिल्या, फॉन्टसकट. माझ्याच ओळखीतला एक मुलगा शोधून दिला आणि दोन संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून इंट्रो कुठे आहे, सरांचा आवाज कुठे कमी करायचा (ते मधेच टेबलावर हात आपटतात) सगळं दाखवलं. मुंबईवाल्यांना सांगितलं की १ तारखेच्या आधी मी येणार नाही. ते थांबले. एवढं करूनही सरांचं एकच, "तुम्ही विश्वासघात केला", आणि शेवटचं बिल अडकलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, वकिली करून निवृत्त झालेले, त्यांना करार दाखवला. ते म्हणाले, अगं, करार तू मोडलायस हे आधी कबूल कर, त्यांना दुसरा माणूस महाग पडला असेल तर तो फरक ते मागू शकतात. पण १८७२ च्या करार कायद्यात कलम ७४ आहे, दंड लिहिला म्हणून तो आपोआप सगळा मिळत नाही, वाजवी भरपाई मिळते आणि ती पण लिहिलेल्या आकड्याच्या आतच. आणि ते दोन वर्षांचं बंधन, तर करार चालू असताना असलं बंधन घालता येतं, पण काम संपल्यावर पण दुसरीकडे जायचं नाही हे कलम २७ पुढे टिकत नाही. असल्या कौशल्याच्या कामाला कोर्ट कोणाला जबरदस्तीनं जुंपत पण नाही. हे ऐकून मी जरा श्वास घेतला, कारण तोपर्यंत मला वाटत होतं माझ्यावर केसच होणार.

त्यांनी अजून एक विचारलं, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, केलीयस का? नव्हती केली. तुमच्या वाचकांमध्ये माझ्यासारखे असतील तर आजच करा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, फक्त काम घ्यायच्या आधी करून ठेवा. मग २००६ च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करारात काहीही लिहिलेलं असू दे, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या (ती जाहीर करते त्या व्याजदराच्या) तिप्पट व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. माझी नोंदणी नव्हती म्हणून मी फक्त दिलेल्या सगळ्या व्हिडिओंची तारीखवार यादी ईमेल केली आणि दर सोमवारी आठवण करत राहिले. अडीच महिन्यांनी १५ हजार आले. उरलेले ६,६०० मी मागितले नाहीत, माझ्या त्या आठ दिवसांचे समजून सोडून दिले.

पण शब्दाच्या किमतीबद्दल त्या वाचकांना एक विचारायचंय. २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा माझी दोन कामं एकेका मेसेजवर बंद झाली, "सध्या होल्डवर ठेवू". तो होल्ड अजून चालू आहे. तेव्हा विश्वासघात हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही, मी पण म्हटलं नाही, धंद्यात असं होतं म्हणून गप्प बसले. मग मी २० दिवस देऊन, माणूस देऊन गेले तर ते धंद्यात होणारं का नाही? क्लासमध्ये नोकरीला असते तर महिन्याची नोटीस देऊन सुटले असते, पेढे पण वाटले असते.

नवीन करारात मी ३० दिवसांची नोटीस मागून घेतली, दोन्ही बाजूंना सारखीच. कंपनीनं एका ईमेलमध्ये मान्य केलं, मी उगाचच घाबरत होते.

तेव्हा आपल्याला विनंती, नोकरीच्या पुरवणीत नेहमी बायोडेटा कसा लिहावा हे छापता, एकदा एखाद्या वकिलाकडून फ्रीलान्स कामाचा नमुना करार लिहून घेऊन छापा की. दोनच पानी चालेल, पण मराठीत पाहिजे, म्हणजे क्लासवाले सर आणि माझ्यासारखी दोघंही सहीच्या आधी नीट वाचतील. आणि त्यात शॉर्ट्स किती, याला वेगळी ओळ ठेवायला सांगा.

आपली,
एक व्हिडिओ एडिटर, कोथरूड, पुणे