पिग्मीवालीचे म्हणणे: २१ दिवसांचा हिशेब चुकतो आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पाडव्याच्या संकल्पांवर पानभर मजकूर आला आहे. ध्येय मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा, जिद्द ठेवा, २१ दिवस नेटाने करा, सवय लागलीच म्हणून समजा, असा त्याचा सूर. मी सांगलीत एका बँकेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, दारोदार जाऊन गोळा करते. मारुती चौक, गणपती पेठ, शिवाजी मंडई हा माझा भाग. पाडव्याला सुरू झालेले संकल्प आषाढात बसलेले मी दरवर्षी बघते, म्हणून हे पत्र.

आधी त्या २१ चे बघू. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा पेशंटच्या अंगवळणी पडायला साधारण किमान २१ दिवस लागतात, असे त्यांनी १९६० साली लिहिले. पुढे ‘किमान’ गळले, चेहराही गळला, आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर झालेला अभ्यास माझ्या मुलीने मला समजावून सांगितला. (ती नर्सिंगला आहे, तिला असले शोधायची हौस.) जेवताना पाणी पिणे, फळ खाणे, थोडे पळणे, असली एकच गोष्ट रोज ठरल्या वेळी करायची. ती आपसूक व्हायला लागण्याचा मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब आला. पाणीवाले लवकर रुळले, व्यायामवाले रखडले. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून कुणाचे फारसे बिघडले नाही.

हे शेवटचे तुमच्या पानावर यायला हवे होते. माझा खातेदार दोन दिवस चुकला की तिसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावर दिसताच आत जातो आणि पोऱ्याकरवी सांगतो, ‘मालक न्हाईत.’ अहो, मालकाची चप्पल दारात असते! पैसे नसतात असे नाही, लाज वाटते. मग मी पोऱ्यालाच सांगते, ‘मालकांना म्हणावं, वीस रुपये असले तरी चालतील, मागचं सोडा.’ बहुतेक जण दुसऱ्या दिवशी बाहेर येतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि आमची पेठ बुडाली. दुकानांतला चिखल निघाल्यावर मी फेरी सुरू केली ती नुसत्या विचारपुशीसाठी. एक वह्या-पुस्तकांचे दुकानदार भिजलेल्या गठ्ठ्यांवर बसले होते. म्हणाले, ‘ताई, शंभर जमणार नाहीत. दहा लिहा.’ दहा रुपयांची पावती दिली. त्यांचे खाते आजही चालू आहे. ‘सगळं सुरळीत झालं की एकदम शंभरनं करू’ म्हणणारे मात्र बरेच जण परत आलेच नाहीत.

पिग्मी मुळात निघालीच या हिशेबाने. १९२८ साली उडुपीला टी. एम. ए. पै यांच्या सिंडिकेट बँकेने (तेव्हा तिचे नाव निराळे होते) ती सुरू केली. बँकेचा माणूस दारात जाऊन रोज दोन आणे घ्यायचा. रोज कमावणाऱ्याच्या हाती महिन्याअखेर गठ्ठा उरत नाही, दोन आणे मात्र सुटतात, हे त्यांनी ओळखले. पाडव्याला मला लोक उत्साहाने ‘रोज पाचशे’ सांगतात. मी पन्नासवर आणते. वर्षाचे सव्वाअठरा हजार होतात, वर व्याज वेगळे, आणि मुख्य म्हणजे होतात. त्यावर माझे कमिशनही कमी होते, पण बंद पडलेल्या खात्यावर तेही मिळत नाही.

वेळेचे महत्त्व तर तुमच्या लेखकाने एका ओळीत उरकले आहे. मंडईत भवानी व्हायच्या आधी पैसे मागायला जाणे म्हणजे शिव्या खाणे. दुपारनंतर गेले तर उद्याच्या मालाला पैसे निघून गेलेले. मधली जी तासाभराची वेळ आहे, ती प्रत्येकाची निराळी, आणि ती हेरणे हीच निम्मी पिग्मी. एक वडापाववाले आहेत. त्यांचा पहिला घाणा संपला की गल्ल्यातून पन्नास रुपये निघून चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात पडतात. डबा तेलकट, झाकणाला पीठ लागलेले. दिवसभर सुट्ट्यांची कितीही ओढाताण झाली तरी त्या डब्याला हात लावत नाहीत. भिंतीवर ध्येयबिय काही लिहिलेले नाही. मी गेले की झाकण काढून डबा पुढे करतात, तोंडाने गिऱ्हाइकाशी बोलणे चालूच. याच डब्यातून त्यांनी गाळ्याचे डिपॉझिट भरले.

‘ॲपवरून आपोआप कापून घ्या’ हा तुमच्या पानावरचा सल्ला पगारदारांना उत्तम आहे, त्यांनी जरूर ऐकावा. पण हातगाडीवाल्याच्या खात्यातून पाच तारखेला एकदम दीड हजार कापायला गेले की खात्यात शिल्लक नसते आणि वरून दंड बसतो. अशाने सवय लागायची राहिली बाजूला, बँकेचीच धास्ती बसते.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. पावती हातात पडल्याशिवाय पिग्मीचे पैसे कुणालाही देऊ नका, मी असले तरी. आणि बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. खाते काढताना एवढे विचारून घ्यावे.

पुढच्या पाडव्याला २१ दिवसांची चौकट छापणार असाल, तर तिच्यात किमान ६६ घरे काढा. आणि ज्यांचे ओळीने चार दिवस कोरे गेले, त्यांनी पाचव्या दिवशी काय करायचे, हे खाली ठळक अक्षरांत द्या.

आपली,
एक पिग्मी एजंट
(नाव छापू नये, ही विनंती)
गावभाग, सांगली