ताप उतरला की आधी मला फोन कर

प्रिय बेटा,

काल फोनवर तू म्हणालीस की होस्टेलला तिघीचौघींना डेंग्यू निघालाय पण पप्पा तुम्ही टेन्शन घेऊ नका, मला दहावीत होऊन गेलाय, माझी इम्युनिटी तयार आहे. मम्मी बाजूला बसलेली होती म्हणून जास्त बोललो नाही, पण ते डोक्यातून जाईना म्हणून आता लॅब बंद करून हे टाइप करतोय. लांब होईल, तरी पूर्ण वाच.

तुझं म्हणणं गोवराच्या बाबतीत खरं आहे. गोवर एकदा झाला की शरीर तो जन्मभर विसरत नाही. डेंग्यूची गोष्ट वेगळी आहे कारण त्याचे चार प्रकार आहेत, एक ते चार नंबरच, आणि एक प्रकार होऊन गेला की त्याच्यापुरतं जन्मभराचं संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं. तुला दहावीत कोणता झाला होता ते आपल्याला माहीतच नाही. रिपोर्टवर एनएस१ (विषाणूचंच एक प्रथिन) पॉझिटिव्ह एवढंच होतं, प्रकार त्या कार्डावर दिसत नाही, त्याला पीसीआर करावी लागते आणि ती आपल्याकडे पेशंटसाठी सहसा कुणी करत नाही.

आता आत काय होतं ते सांगतो. डास चावला की विषाणू आधी कातडीतल्याच पेशींमध्ये शिरतो, त्या पेशी तिथून लसिकेच्या गाठींकडे जातात आणि शरीराला पहिली खबर लागते. इंटरफेरॉन नावाचं रसायन सुटतं, आजूबाजूच्या पेशी सावध होतात, मेंदूतला तापमान ठरवणारा भाग तापमान वर नेतो, तोच आपला ताप. म्हणजे १०३ ताप आला तर तो विषाणूने नाही, आपल्याच शरीराने चढवलेला असतो. हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि हे सगळ्याच जंतूंसाठी साधारण सारखंच असतं. नेमक्या याच विषाणूला धरणाऱ्या अँटीबॉडी बनायला वेळ लागतो, पहिल्यांदा डेंग्यू होत असेल तर आयजीएम, म्हणजे त्यातली सगळ्यात आधी बनणारी अँटीबॉडी, चौथ्या-पाचव्या दिवसाच्या पुढे दिसायला लागतं. लोक दुसऱ्याच दिवशी आयजीएम करून घेतात, निगेटिव्ह आलं की डेंग्यू नाही म्हणून निवांत होतात, हे मला रोज समजावून सांगावं लागतं.

डेंग्यूच्या पेशंटची स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली की पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, चार हजाराच्या खाली, कधी अडीच हजार, आणि त्यात मोठ्या, निळसर कडांच्या लिम्फोसाइट दिसतात, एकमेकींपेक्षा वेगळ्या आकाराच्या. त्या कामाला लागलेल्या पेशी आहेत. काम झालं की बऱ्याचशा मरतात, थोड्या आठवण ठेवून वर्षानुवर्षं मागे राहतात. इतकी वर्षं झाली पण अशी स्लाइड आली की माझा हात अजून थांबतो, कारण माणूस तिकडे कॉटवर कण्हत पडलेला असतो आणि त्याच्या रक्तात एवढं काम चालू असतं.

त्या आठवणीतच डेंग्यूचा धोका आहे. समजा तुला आधी एक नंबर झाला होता आणि आता दोन नंबर आला. जुन्या पेशी नव्यांच्या आधी जाग्या होतात आणि भराभर जुन्याच अँटीबॉडी सोडतात. त्या नव्या विषाणूला चिकटतात पण पुरत्या बसत नाहीत, त्याला निकामी करू शकत नाहीत. आणि आपल्या मॅक्रोफेज पेशींची सवय अशी की अँटीबॉडी चिकटलेलं जे दिसेल ते गिळायचं. लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणूस वऱ्हाडातल्या कुणाचा तरी हात धरून मांडवात शिरतो ना, तसा विषाणू त्या अँटीबॉडीच्या हाताने सरळ आत जातो, आणि आत जाऊन वाढतो. मग शरीर अजून जोरात रसायनं सोडतं, बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर पोटात, छातीत जमतं, बीपी पडतं.

क्यूबामध्ये १९७७ ला एक नंबर पसरला होता, १९८१ ला दोन नंबर आला तेव्हा तीन लाख चाळीस हजारांच्या वर पेशंट झाले आणि १५८ माणसं गेली. जे गंभीर झाले त्यांच्यात बहुतेक आधीच्या साथीत लागण झालेलेच होते. फिलिपिन्समध्ये तर आठ लाखांवर मुलांना डेंग्यूची लस दिली गेली आणि २०१७ च्या शेवटी मोहीम थांबवावी लागली, कारण ज्या मुलांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता त्यांच्यात लस ही जणू पहिली लागण ठरली आणि खरा डेंग्यू आला तेव्हा तो जास्त गंभीर व्हायचा धोका वाढला. आपल्याकडे आयसीएमआरने पॅनेशिया बायोटेकसोबत एका डोसच्या लसीची मोठी चाचणी २०२४ मध्ये सुरू केलीय, चारही प्रकारांवर. लस बनवणं इतकं अवघड का गेलं ते यावरून समजून घे.

म्हणून ते इम्युनिटी वाढवायचे पावडर आणि काढे तुझ्या मैत्रिणी मागवून राहिल्या ना, त्यात पैसे घालू नको. डेंग्यूत माणूस गंभीर होतो तो प्रतिकार कमी पडला म्हणून नाही, चुकीच्या दिशेने जोरात झाला म्हणून. पोट भरून जेव, झोप घे, बास.

घाबरवत नाहीये हं. दुसऱ्यांदा झालेले पण बहुतेक पेशंट साधेच बरे होतात. पण तुझ्या बाबतीत मी गाफील राहणार नाही.

ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल घ्यायची. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लो यातलं काहीही घ्यायचं नाही, अंग कितीही ठणकलं तरी. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांग की आधी डेंग्यू होऊन गेलाय, कारण दुसऱ्या वेळी एनएस१ लवकर निगेटिव्ह येऊ शकतं. सीबीसी पहिल्याच दिवशी कर, म्हणजे तुझा पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के ते) किती असतो ते हातात राहील. आपल्याकडे सगळे प्लेटलेट किती म्हणून विचारतात, वीस हजार ऐकलं की घरात रडारड सुरू होते, पपईच्या पानांचा रस शोधत फिरतात. मी आधी पीसीव्ही बघतो. तुझा ३६ असला आणि दोन दिवसांत ४३-४४ झाला तर पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर चाललंय, ते प्लेटलेटपेक्षा वाईट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, सगळ्यांना वाटतं सुटलो, पोरगी आता आराम करेल, आणि गळती सुरू व्हायची तीच वेळ असते, पुढचे २४ ते ४८ तास. ताप गेला आणि पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, हातपाय गार पडलेत, लघवी कमी झालीय किंवा नुसती सुस्ती आहे, तर सकाळची वाट न बघता ॲडमिट व्हायचं. मी भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघेन, नाशिकला यायला किती वेळ लागतो.

होस्टेलच्या कूलरचं पण बघ. आपल्या खान्देशात मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलरशिवाय जमत नाही आणि पाऊस सुरू झाला की त्याच टाक्यांत पाणी तसंच राहतं, तिथेही तेच झालं असेल. एडिस डास दिवसा चावतो, अंडी पाण्याच्या कडेला भिंतीवर चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, टाकीच्या कडा ब्रशने घासाव्या लागतात. रेक्टर मॅडमना उद्याच सांग, आणि त्या नाही म्हणाल्या तर त्यांचा नंबर मला पाठव, मी बोलतो.

तुझे पप्पा