आधी किंमत, मग मोल्ड

भोसरी, पुणे

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

गायीचं दूध तपासायच्या तुझ्या पट्टीला प्लास्टिकची डबी हवी, तिच्या साच्याबद्दल परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, मोल्डला किती लागतील?" आकडा मी तिथल्या तिथे सांगू शकलो असतो. साध्या सिंगल कॅव्हिटी, म्हणजे एका वेळी एकच नग काढणाऱ्या मोल्डला दोन-तीन लाख, चांगलं स्टील आणि जास्त कॅव्हिटी हव्या असतील तर त्याहून बरेच जास्त. पण तेवढं ऐकून तू पैसे उभे करायच्या मागे लागली असतीस, आणि माझ्या मते आत्ता तो क्रम चुकीचा आहे. म्हणून सविस्तर लिहितोय. निवांत वाच.

तुझा पेपर मी वाचला. रसायनशास्त्र सगळं कळलं नाही, आलेख मात्र कळले. कास सुजायच्या आधी, दुधात गुठळ्या दिसायच्या आधी तुझी पट्टी दगडी, म्हणजे कासदाह, ओळखते, हे मला पटलं. ज्याच्या गायीचा एक सड दगडीने कायमचा गेलाय त्याला विचार याचं मोल काय ते. दूध उतरतं, औषधाला पैसे जातात, आणि अँटिबायोटिक चालू असेपर्यंतचं दूध डेअरीला घालता येत नाही. तेव्हा तुझं काम उपयोगाचं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते कुणी पैसे मोजून पुन्हा पुन्हा घेईल का, हे अजून कुणीच तपासलेलं नाही. तूही नाही, तुझ्या सरांनीही नाही. पेपर तपासणाऱ्यांचं तर ते कामच नव्हतं.

पेपरात तू तुलना केलीस ती परदेशी सेन्सरशी. आपल्याकडच्या किती गोठ्यांत तो सेन्सर आहे? गोठ्यात, निदान गुरांच्या डॉक्टरच्या पिशवीत, असते ती सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट. १९५७ सालची पद्धत. चार वाट्यांचं प्लास्टिकचं पॅडल, एकेका वाटीत एकेका सडाचं दूध, त्यात तेवढंच द्रावण घालून गोल फिरवायचं. द्रावणातला डिटर्जंट दुधातल्या पेशी फोडतो, त्यांच्यातला डीएनए बाहेर येतो आणि दूध जेलीसारखं घट्ट होतं. द्रावण नसलं तर कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यावरही भागतं. तुझी स्पर्धा या चमचाभर पावडरीशी आहे. पहाटे पाचला, अर्धवट उजेडात, धार काढून ओल्या झालेल्या हातांनी जे पावडरीच्या पाण्याने कळत नाही आणि तुझ्या पट्टीने कळतं, त्याचेच पैसे शेतकरी देईल. ते नेमकं काय, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. मला वाटतं ते वाक्य असं असावं: घट्ट झालं की नाही याचा अंदाज बांधावा लागत नाही, रंग बदलला की बदलला. पण हे मी भोसरीत बसून म्हणतोय. तुला ते गोठ्यात जाऊन विचारावं लागेल.

आता किमतीचं. समज शेतकऱ्याने एका पट्टीला २० रुपये दिले. तालुक्याच्या दुकानदाराचा वाटा, वितरकाचा वाटा, जीएसटी, वाहतूक, मुदत संपून परत आलेला माल, हे सगळं काढलं की कारखान्याच्या दारात तुझ्या हाती दहा-अकरा रुपये येतील. त्यात पट्टी, रसायन, प्लास्टिकचं घर, पाकीट, पगार, वीज, तपासणी आणि पुढच्या संशोधनाला थोडे पैसे. मोल्डला ३ लाख घातलेस आणि हजार नग काढलेस तर नगामागे ३०० रुपये मोल्डचेच. एक लाख नग काढलेस तर ३ रुपये. तेव्हा मोल्ड महाग की स्वस्त हे आधी सांगता येत नाही. किती नग जाणार हे ठरलं की मग कळतं, आणि किती नग जाणार हे किंमत ठरवते.

तू म्हणशील, आधी चांगलं काम करणारी वस्तू करू, किंमत नंतर उतरवू. टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या कारखान्यात, इतकी वर्षं काढल्यावर मला यावर ठाम बोलायचा हक्क आहे असं वाटतं: नंतर उतरत नाही. ड्रॉइंग पक्कं झालं की किंमतही जवळजवळ पक्की झाली. त्यानंतर पुरवठादाराशी घासाघीस करून चार-आठ टक्के निघतात, निम्मी किंमत निघत नाही.

याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पुण्यातच, हडपसरला घडलंय. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मेंदूज्वराचा एक पट्टा आहे. १९९६-९७ च्या साथीत तिथे अडीच लाखांवर माणसं आजारी पडली आणि सुमारे २५ हजार दगावली. 'अ' गटाच्या मेनिंगोकोकसवर टिकाऊ लस बनवायचं शास्त्र जगात तेव्हाही होतं. पण ज्या देशांना ती हवी होती त्यांच्याकडे पैसे नव्हते. २००१ मध्ये पाथ ही आरोग्यक्षेत्रातली संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून प्रकल्प सुरू केला. गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले. त्यांनी आफ्रिकी देशांच्या अधिकाऱ्यांना विचारलं, तुम्हाला परवडेल किती? उत्तर आलं, एका डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. त्या किमतीत पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या कंपन्या जमवायला तयार झाल्या नाहीत. मग त्यांनी काम तोडून वाटलं. जिवाणूच्या कवचातली साखर, म्हणजे पॉलिसॅकराइड, सुरुवातीला नेदरलँड्समधून आलं. ते प्रथिनाला जोडण्याची रीत अमेरिकेच्या औषध नियामकाच्या, एफडीएच्या, प्रयोगशाळेत विकसित झाली होती, ती हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूट या लस कंपनीने शिकून घेतली. जोडायचं प्रथिन, म्हणजे टिटॅनस टॉक्सॉइड, सीरम आधीपासूनच मोठ्या प्रमाणावर बनवत होती. जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोमध्ये या लसीची, मेनआफ्रिव्हॅकची, मोहीम सुरू झाली, ५० सेंटच्या आत. पुढे कोट्यवधी लोकांना ती टोचली गेली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'अ' गटाचा रुग्ण सापडलेला नाही.

सई, इथे किंमत ही विक्री विभागाने शेवटी चिकटवलेली चिठ्ठी नव्हती. ती संशोधनाच्या पहिल्या पानावरची अट होती, आणि कुठली रीत घ्यायची, कुठे बनवायचं, हे त्या अटीने ठरवलं. तुझ्या वहीत तापमान आणि पीएच लिहितेस तशी ही अटही लिही.

त्याच लसीची आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. २०१२ मध्ये तिला ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस बर्फाविना ठेवायची परवानगी मिळाली. त्यासाठी लस नव्याने शोधावी लागली नाही. ती मुळातच उष्णता सोसणारी होती. ते तपासून, कागदावर सिद्ध करून घ्यावं लागलं. पण त्यामुळे दूरच्या खेड्यात बर्फाचे डबे वाहायचं काम सुटलं. तुझ्या पट्ट्या लॅबच्या फ्रिजमध्ये चार अंशांवर आहेत. त्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात सहा महिने पडून राहिल्या तर काय होईल? हे तू आजच मोजायला घे. वेगवेगळ्या तापमानाला ठेवून आठवड्याला चार-चार पट्ट्या काढून बघ. या कामाचा पेपर होणार नाही, सर कदाचित कुरकुरतील. तरी कर. मला विचारशील तर आत्ता यापेक्षा महत्त्वाचं काम तुझ्यापुढे नाही.

दुसरं उदाहरण माझ्या आवडीचं आहे, कारण त्यात प्लास्टिक आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली. परदेशी झडप तेव्हा आपल्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर होती. झडप वर्षाला चार कोटींच्या आसपास वेळा उघडते-मिटते, तीही रक्तात, वर्षानुवर्षं. पहिली तीन मॉडेल्स टिकली नाहीत. एकात कृत्रिम नीलमण्याची चकती बसवली होती, तीही फुटली. चौथ्यात चकती केली अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट पॉलिएथिलीनची. आमच्याकडे हे प्लास्टिक कन्व्हेयरच्या घासपट्ट्यांना वापरतात, इतकं ते ओळखीचं. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसली. उत्पादन संस्थेने स्वतः केलं नाही, टीटीके या उद्योगसमूहाकडे दिलं, आणि आज एक लाखाहून जास्त माणसांच्या छातीत ती झडप बसवली गेली आहे. नीलमण्यापेक्षा साधं पॉलिएथिलीन सरस ठरलं, ते यंत्रावर कोट्यवधी वेळा उघडझाप करून पाहिल्यामुळे.

आता तू टेबलावर ठेवून गेलीस त्या थ्रीडी प्रिंट केलेल्या डबीबद्दल. दिसायला छान आहे. मी कॅलिपर लावून पाहिली. पट्टी बसते तिथे भिंत १ मिलिमीटर आहे आणि कोपऱ्यात साडेतीन. प्रिंटरला याने फरक पडत नाही. मोल्डमध्ये जाड भाग उशिरा थंड होतो आणि आत ओढला जातो, पृष्ठभागावर खड्डा पडतो. आम्ही त्याला सिंक मार्क म्हणतो. नेमका तिथेच तुझा दूध टाकायचा खळगा आहे, म्हणजे दुधाचा थेंब दर वेळी वेगळा पसरेल आणि रंग वेगळा येईल. शिवाय उभ्या भिंतींना ड्राफ्ट, म्हणजे नग सुटायला लागणारा किंचित उतार, नाही. एक-दीड अंश दे, नाहीतर नग कोअरवर, म्हणजे मोल्डच्या आतल्या भागावर, घट्ट बसेल आणि त्याला बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे व्रण उठतील. बाजूचं ते हुकसारखं कुलूप काढता आलं तर काढ. त्याच्यासाठी साइड कोअर, म्हणजे मोल्डमध्ये बाजूने सरकणारा वेगळा भाग, करावा लागेल आणि मोल्डची किंमत एकदम चढेल. दोन भाग दाबून बसतील असं केलंस तर तोच उपयोग होतो.

पण हे सगळं नंतर. आधी सिलिकॉनच्या साच्यातून पन्नासेक नग काढून घेऊ. माझ्या ओळखीचे एक जण चाकणला ते काम करतात. ते नग घेऊन गोठ्यांत जा. मागे एक तरुण चमू माझ्याकडे थेट आठ कॅव्हिटीचा मोल्ड करायला आला होता. अनुदानाचा हप्ता वर्ष संपायच्या आत खर्च करायचा होता, म्हणून घाई. मोल्ड उत्तम झाला. वापरणाऱ्यांच्या हातात नग गेले तेव्हा कळलं की झाकण एका हाताने उघडत नाही. तोवर पैसे संपले होते. मुलं हुशार होती, कल्पना चांगली होती, आणि ती वस्तू बाजारात आलीच नाही. मला अजून वाईट वाटतं.

गोठ्यांत जाशील तेव्हा "हे आवडलं का" असं विचारू नकोस. आपली माणसं घरी आलेल्या मुलीला नाही म्हणत नाहीत, चहा देतील आणि छान आहे म्हणतील. पाच पट्ट्या विकत दे. पंधरा दिवसांनी फोन न करता वाट बघ, कोण आपणहून आणखी मागतं ते. संकलन केंद्राच्या सचिवालाही भेट. खराब दुधाचा तोटा त्यालाही बसतो, आणि गिऱ्हाईक कदाचित तोच असेल, शेतकरी नव्हे. केंद्राने पट्ट्या घेऊन सभासदांच्या बिलातून कापल्या तर दुकानदार आणि वितरकाचे वाटे वाचतात. हा मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो.

पेटंटचं मात्र लगेच बघ. मूळ पद्धतीचा अर्ज संस्थेने पेपर पाठवण्याआधी केला होता, हे बरं झालं. डबीची रचना आणि रसायन सुकवायची नवी रीत अजून कुठेच नोंदलेली नाही, आणि प्रबंधात मात्र ती सविस्तर आहे. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, चढला की ते सगळं उघड झालं, मग नावीन्याचा दावा करता येणार नाही. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. संपूर्ण विवरण द्यायला तिथून बारा महिने मिळतात, तेवढ्यात गोठ्यांतलं काम होईल. मालकी संस्थेची राहील, तुला परवाना घ्यावा लागेल. त्याच्या अटी आत्ताच, सगळे खुशीत असताना, लिहून घे.

कंपनी स्वतः काढायची की परवाना एखाद्या पशुऔषधाच्या कंपनीला द्यायचा, हे तुझं तू ठरव. तुझा ओढा मला माहीत आहे. काढलीसच तर गावोगाव पशुऔषधं विकलेला एखादा माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर घे, पगारावर नको, भागीदार म्हणून. एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात नवउद्योगांना मदत करणारं व्हेंचर सेंटर आहे, तिथे जाऊन बोल. बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेच्या बिग या अनुदान योजनेत अठरा महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतात, त्याची माहितीही तिथे मिळेल. अर्ज भरताना गोठ्यांतले आकडे हातात असले तर तुझी बाजू भक्कम होईल.

डबीची स्टेप फाइल (थ्रीडी ड्रॉइंग) रविवारपर्यंत पाठव. पार्टिंग लाइन, म्हणजे मोल्डचे दोन भाग जिथे मिळतात ती रेघ, कुठे घ्यायची ते खुणा करून परत देतो. आणि पट्ट्या उष्णतेत ठेवायचं काम सोमवारी सुरू कर.

तुझा,
बाबा